डिजिटल छायाचित्रण : टिपण्यापासून पाठविण्यापर्यंत

घरातील ज्येष्ठ व्यक्तीचे निधन झाले, की दहाव्या-तेराव्याच्या धावपळीत एक काम हमखास निघते. भिंतीवर लावण्यासाठी चांगला फोटो शोधण्याचे. आमच्या परिचयातील एका घरात असाच शोध सुरू झाला तेव्हा सर्वांच्या मोबाइलमध्ये मिळून शेकडो फोटो निघाले. मात्र आजोबा मोकळेपणाने हसताना एकाच फोटोत होते. तो नातवाच्या मुंजीतला, पाच जणांचा आणि व्हॉट्सअॅपवरून आलेला. स्टुडिओत तो मोठा करून पाहिला, तर डोळ्यांच्या जागी धूसर चौकोन दिसू लागले. ज्या मोबाइलने तो काढला होता, तो नवीन मोबाइल घेताना दुकानात देऊन टाकलेला होता.

असे का घडले, हे उमगले की डिजिटल छायाचित्रणाचा निम्मा पाया पक्का होतो. डिजिटल चित्र म्हणजे प्रकाशाची नोंद ठेवणाऱ्या ठिपक्यांची जाळी. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात आणि १० लाख पिक्सेल म्हणजे एक मेगापिक्सेल. कोडॅक कंपनीतील अभियंता स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये तयार केलेल्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्यात १०० गुणिले १०० म्हणजे अवघे १० हजार ठिपके होते आणि एक चित्र कॅसेटवर उतरण्यास २३ सेकंद लागत. आज १२ मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी सुमारे ४,००० ठिपक्यांची असते. पाच जणांच्या रांगेत एकेकाच्या वाट्याला त्यातील ८०० येतात. आठ इंच रुंदीच्या चौकटीत ते बसविले, तर इंचाला १०० ठिपके मिळतात. उत्तम छपाईसाठी इंचाला ३०० ठिपक्यांचा दंडक सांगितला जातो हे खरे. पण भिंतीवरचा फोटो चार हात दूरून पाहायचा असतो, तेवढ्याने भागते. तेच चित्र पाठविताना १,६०० ठिपके रुंदीचे झाले, तर आजोबांच्या वाट्याला ३२० आणि इंचाला ४० उरतात. शिवाय फाइल हलकी करताना बारकावे पुसले जातात ते वेगळेच.

म्हणूनच मेगापिक्सेलच्या जाहिरातींनी भुलून जाऊ नये. सहा बाय चार इंचांच्या प्रिंटला २२ लाख ठिपकेसुद्धा पुरतात. चित्राचा दर्जा ठरतो तो मुख्यतः प्रकाशावर.

कॅमेऱ्यात प्रकाश किती घ्यायचा, हे तीन गोष्टींवर अवलंबून असते. शटर किती वेळ उघडे राहते, भिंगातील छिद्र म्हणजे अॅपर्चर किती मोठे आहे आणि सेन्सरकडून आलेला संकेत किती वाढविला जातो, म्हणजेच आयएसओ. शटरचा वेग १/६० सेकंदावरून १/१२५ वर नेला, की प्रकाश निम्मा होतो. अॅपर्चर एफ २.८ वरून एफ ४ वर नेले तरी निम्माच. (आकडा वाढला की छिद्र लहान होते, ही उलटी रीत नवशिक्यांना हमखास गोंधळात टाकते.) निम्मा झालेला प्रकाश आयएसओ दुप्पट करून भरून काढता येतो, पण आयएसओ फार वाढविला की चित्रात रवाळपणा येतो.

घरच्या गणपतीचेच उदाहरण घ्या. संध्याकाळच्या आरतीला समईचा आणि विजेच्या माळांचा मंद उजेड असतो. कॅमेरा शटर अधिक वेळ उघडे ठेवतो आणि टाळ्या वाजविणारे हात पुसट होतात. अशा वेळी अनेक जण फ्लॅश वापरतात. त्याने मूर्ती सपाट दिसते, पितळेवर पांढरे डाग उमटतात आणि समईचे तेज नाहीसे होते. त्याऐवजी कोपर टेबलावर किंवा भिंतीला टेकवून कॅमेरा स्थिर धरावा, आयएसओ ८०० किंवा १,६०० पर्यंत वाढू द्यावा आणि आरती संपून मंडळी क्षणभर स्तब्ध होतात तेव्हा बटण दाबावे. विसर्जनाच्या मिरवणुकीत गणित बदलते. भर दुपारी प्रकाश मुबलक असतो, त्यामुळे लेझीमची हालचाल गोठवायला १/५०० सेकंदाचा वेग सहज मिळतो.

बहुतेक मोबाइलमध्ये अॅपर्चर बदलता येत नाही. तेथे पडद्यावर चेहऱ्यावर बोट ठेवावे आणि शेजारी उमटणारी सूर्याची खूण सरकवून उजेड कमी-जास्त करावा. शंका असल्यास किंचित अंधारा फोटो बरा. सावलीतील तपशील नंतर बऱ्याच अंशी उजळता येतो, मात्र पूर्ण पांढरा पडलेला भाग परत येत नाही. खिडकीकडे पाठ करून माणसाला बसवू नये. तोंड खिडकीकडे करावे. मोबाइलधारकांनी तर आधी भिंग पुसावे. अस्पष्टतेचे निम्मे दोष बोटांच्या तेलकट ठशांचे असतात, असा आमचा अनुभव आहे.

फोटो काढून झाले की निष्काळजीपणा सुरू होतो. मेमरी कार्ड किंवा मोबाइल ही साठवणुकीची जागा नव्हे. फोटो संगणकावर उतरवून घ्यावेत, दुसरी प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवावी आणि तिसरी घराबाहेर, इंटरनेटवरील साठवणीत किंवा एखाद्या नातेवाइकाकडे. चुकून फोटो पुसले गेल्यास त्या कार्डावर पुढे एकही फोटो काढू नये. जुनी माहिती नव्या माहितीखाली दबेपर्यंत ती परत मिळण्याची शक्यता असते. दुरुस्त्या नेहमी प्रतीवर कराव्यात. जेपीईजी फाइल बदल करून जतन केली की दरवेळी तिचा थोडा दर्जा जातो.

केवळ संकेतस्थळावर विसंबूनही राहू नये. एकेकाळी मराठी तरुणाईचे अल्बम ज्या ऑर्कुटवर होते, ते ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. गुगल फोटोजवरील अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून संपली.

आता पाठविण्याविषयी. फेसबुकवर किंवा समूहावर टाकायला लहान आकार पुरेसा असतो आणि तो लवकर जातोही. परंतु जो फोटो समोरच्याने जपून ठेवावा असे वाटते, तो व्हॉट्सअॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा; मूळ फाइल जशीच्या तशी पोहोचते. तेथे २०२३ पासून मिळू लागलेला ‘एचडी’ पर्याय नेहमीपेक्षा बरा, तरी मूळ प्रतीची बरोबरी करीत नाही. मात्र मूळ फाइलबरोबर तारीख, वेळ आणि मोबाइलमध्ये स्थाननोंद चालू असेल तर जागेचे अक्षांश-रेखांशही जातात. अनोळखी व्यक्तीला घरातील लहान मुलांचे फोटो अशा रीतीने पाठवू नयेत, हे उघड आहे.

दुसऱ्याचा फोटो उचलून आपल्या नावावर टाकण्याची खोड आता इतकी रुळली आहे, की त्यात काही गैर आहे असेही कोणाला वाटत नाही. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्याखाली फोटोवर सामान्यतः तो काढणाऱ्याचा हक्क असतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तो छायाचित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोबाबत वेगळा करार नसल्यास हक्क पैसे देणाऱ्याचा. लग्नाच्या फोटोंबाबत हे अनेकांना ठाऊक नसते.

जुन्या प्रिंटच्या मागे नाव, गाव, तारीख पेन्सिलीने लिहिलेली असे. डिजिटल फोटोला मागची बाजू नाही. म्हणून फोल्डरला ‘आयएमजी’चे आकडे न ठेवता ‘२०२४-०९ गणपती, सातारा’ असे नाव द्यावे आणि समूहचित्रात डावीकडून कोण कोण आहे, हे एका साध्या मजकूर फाइलमध्ये त्याच फोल्डरमध्ये लिहून ठेवावे. कॅमेऱ्याचे घड्याळही बरोबर लावलेले असावे. बॅटरी फार दिवस उतरलेली राहिली की ते अनेकदा मूळ तारखेवर जाते आणि त्यानंतरचे सगळे सणवार एकाच १ जानेवारीला झाल्याची नोंद होते.