‘कायम’ या एका शब्दाची गोष्ट

आपल्या १९९६ च्या दहावीच्या वर्गातले पाच जण पुढे शिक्षक झाले. चौघांचा पगार यथावकाश सुरू झाला. राहिलेल्या मैत्रिणीच्या हातात सरकारी पगाराचा पहिला हप्ता पडला तेव्हा ती नोकरीला लागून बारा वर्षे झाली होती. नाव घालू नकोस असे तिने बजावले आहे, म्हणून घालत नाही. वर्गाला ओळखायला वेळ लागणार नाही.

आपली शाळा अनुदानित. संस्था खासगी, पण बाई-सरांचे पगार सरकार देत असे आणि नोकरीला १९७७ च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्याचे संरक्षण होते. हे काही आपोआप मिळाले नव्हते. त्याच वर्षी डिसेंबरात सुरू झालेल्या ५४ दिवसांच्या संपात सरकारी कर्मचाऱ्यांबरोबर शिक्षकही उतरले होते. आपल्याला मात्र ते वर्गात कुणी सांगितले नाही. फी नावापुरती होती, एवढेच आपल्याला ठाऊक.

सरकारने हात आखडता घ्यायला सुरुवात केली ती वरून. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग आणि मेडिकल कॉलेजांना परवानगी दिली. त्यातल्याच एका कॉलेजात मी शिकले, तेव्हा तक्रार जपूनच करायला हवी. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालामुळे निम्म्या जागा ‘फ्री’ आणि निम्म्या ‘पेमेंट’ होत्या. मला फ्री सीट मिळाली. माझ्या रूममेटच्या वडिलांनी पेमेंट सीटसाठी सुपारीची वाडी गहाण टाकली. वर्ग एकच, शिकवणारे तेच.

जे कॉलेजांत खपून गेले, ते मग शाळांत आले. पूर्वी नव्या शाळेने काही वर्षे स्वतःच्या बळावर काढली की तिला टप्प्याटप्प्याने अनुदान मिळत असे. २००१ मध्ये शासनाने नव्या शाळांना ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्वावर परवानगी द्यायचे ठरवले. आता कधीच अनुदान नाही. आमच्या धंद्यात कोडमधला एक शब्द बदलला की सगळा प्रोग्रॅम वेगळा वागतो; इथेही तेच झाले. गाव म्हणाले, शाळा मिळतेय ना. संस्थेने शाळा काढली. पगाराचे पुढे बघू, असे सांगून पोरींना नोकरीवर घेतले.

आपली मैत्रीण २००४ मध्ये मुरूडच्या पलीकडच्या अशाच एका मराठी शाळेत लागली. संस्था देईल ते मानधन, तेही परीक्षा फीचे पैसे जमले तर. संध्याकाळी शिकवण्या, मे महिन्यात आंबे भरण्याचे काम.

शिक्षक संघटनांनी मोर्चे, उपोषणे, अधिवेशनावर धडका असे सगळे केले आणि २० जुलै २००९ रोजी इंग्रजी माध्यम सोडून इतर शाळांच्या बाबतीत ‘कायम’ हा शब्द वगळला गेला. तिने पेढे वाटले होते. पण शब्द गेला तरी पैसे आले नाहीत. आधी शाळांचे मूल्यांकन, मग निकष, मग निकषांत बदल. पहिला २० टक्के टप्पा २०१६ च्या सप्टेंबरात मंजूर झाला. त्यानंतरच्या महिन्यातच औरंगाबादला मंत्रिमंडळाची बैठक असताना विनाअनुदानित शिक्षकांच्या मोर्चावर लाठीमार झाला. २० टक्के म्हणजे पूर्ण काम, पूर्ण वर्ग आणि पाचवा हिस्सा पगार. हा हिशेब तिच्या आठवीच्या मुलांनाही तोंडी करता येत होता.

चिलीत २०११ मध्ये विद्यार्थी शिक्षणातल्या नफेखोरीविरुद्ध रस्त्यावर उतरले, तेव्हा आमच्या ऑफिसात त्याचे व्हिडिओ फिरले. आझाद मैदानातल्या शिक्षकांचा एकही फिरला नाही. मीही कुणाला पाठवला नाही. तिथून माझे ऑफिस लोकलने चाळीस मिनिटांवर होते.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात तिच्या शाळेचे पत्रे उडाले. अर्धवट पगार घेणाऱ्या शिक्षकांनीच वर्गणी काढून दोन खोल्या झाकल्या.

जुलै २०२५ मध्ये पुढच्या टप्प्याच्या पैशांसाठी आझाद मैदानात आंदोलन झाले. पावसात गेटवेच्या लाँच बंद असतात, म्हणून ती मांडव्याहून रो-रोने भाऊच्या धक्क्यावर उतरली. या वेळी मी गेले. चिखलात प्लॅस्टिक अंथरून ती वह्या तपासत बसली होती. मला म्हणाली, “आलीस ना, मग हा गठ्ठा धर. बेरजा तरी तपास.”

मेळाव्याला ती येणार आहे, शनिवारची सकाळची शाळा आटपून. जेवायला थोडा उशीर होईल, असे तिने कळवले आहे.