संवाद सहायक

30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरण कार्यक्रमात शासन व गावकरी यांच्यातील दुवा म्हणून काम केलेल्या गावोगावच्या स्त्रिया. जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याने चाललेल्या या कार्यक्रमात प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ संस्थेने महिला मंडळांतून ही फळी उभी केली. जड माळवदे आणि मातीत रचलेल्या दगडी भिंती कोसळून हजारो माणसे दगावली होती. त्यामुळे लोकांना दगडाची धास्तीच बसली होती. भिंतीच्या आरपार जोडदगड का बसवायचा, अनुदान कसे मिळवायचे, हे सहायक घरोघरी व ग्रामसभेत समजावीत. नुसत्या परिपत्रकाने हे साधले नसते. उंबऱ्याआड राहणाऱ्या बायका सरपंचाला, अभियंत्याला जाब विचारू लागल्या, हा बदल घरांच्या मजबुतीइतकाच मोलाचा. पुढे संस्थेचे काम बचत गट, आरोग्य व शेतीकडे विस्तारले.