संपर्कयादी बिघडल्यास : कारणे आणि दुरुस्तीचा क्रम
ईमेल खात्यातील संपर्कयादी ही जपून ठेवलेली प्रत नव्हे. ती सर्व उपकरणांवर एकसारखी राखली जाणारी नोंद असते. त्यामुळे फोनवर चुकून पुसलेला गावाकडचा क्रमांक संगणकावरूनही नाहीसा होतो. बिघाड लक्षात येताच प्रथम प्रत्येक उपकरणावरील सिंक बंद करावे आणि उरलेल्या यादीची प्रत काढून ठेवावी.

गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये संपूर्ण यादी मागील ३० दिवसांतील एखाद्या स्थितीत परत नेता येते. आयक्लाउडच्या संकेतस्थळावरही संपर्कांच्या जुन्या प्रती मिळतात. आउटलुकची पीएसटी फाइल सदोष झाल्यास तिची प्रत घेऊन मगच मायक्रोसॉफ्टचे स्कॅनपीएसटी हे साधन चालवावे.

देवनागरी नावांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसली, तरी माहिती बहुधा नष्ट झालेली नसते. यूटीएफ-८ मधील मजकूर निराळ्या संकेतप्रणालीने वाचला गेलेला असतो. अशी फाइल तशीच जतन करू नये. सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये थेट न उघडता ‘डेटा’ विभागातून आयात करावी, यूटीएफ-८ निवडावे आणि क्रमांकांचा स्तंभ ‘टेक्स्ट’ ठेवावा. अन्यथा आरंभीचे शून्य वा अधिकचिन्ह गळते. भारतातील क्रमांक +९१ सह नोंदवावेत, म्हणजे ते परदेशातूनही लागतात.

सर्व नोंदी पडताळल्यानंतरच सिंक पुन्हा सुरू करावे.