चैत्र, कवेलू आणि बाजारभाव

भंडाऱ्याहून पवनीच्या रस्त्याला लागले की वाटेत अड्याळ येते. पवनी तालुक्यातले हे मोठे गाव. चैत्रात येथील हनुमंताची घोडायात्रा भरते, तेव्हा आसपासच्या खेड्यांतली माणसे अड्याळात येतात आणि घरोघर सगेसोयरे उतरतात. या भागातल्या घरांचा इतिहास धुंडाळताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. यात्रेचा, लग्नांचा आणि घरे बांधण्याचा हंगाम येथे एकच आहे. आणि घरांच्या मालकीवर परिणाम करणाऱ्या मोठ्या सरकारी तारखाही याच दिवसांत येतात. मालगुजारी संपली ३१ मार्च १९५१ रोजी. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली २२ एप्रिल १९८८ रोजी. गावठाणे मोजणारी स्वामित्व योजना जाहीर झाली २४ एप्रिल २०२० रोजी. याला योगायोग म्हणता येईल. पण या तीन तारखा ओळीने मांडल्या की एक प्रश्न उभा राहतो: ज्या गावात घरे सहसा विकलीच जात नाहीत, त्या गावात घराचा बाजारभाव ठरतो कसा?

घर फेरण्याचे दिवस

झाडीपट्टीत धानाची मळणी आटोपली की माणसाला थोडी उसंत मिळते. दिवाळीपासून मंडया सुरू होतात. दंडार, खडी गंमत, शंकरपट आणि पटाच्या रात्रीचे नाटक यांत होळी येऊन ठेपते. नाटक पाहायला आलेला पाहुणा मुक्कामाला असतोच. सोयरिकीच्या गोष्टी याच मुक्कामांत निघत, आणि मुलीचा बाप बोलता बोलता घराकडे नजर टाकून घेई: छपरी केवढी आहे, मयाली सागाच्या आहेत की आडजात लाकडाच्या, मागे सांदवाडी आहे की नाही. घराची पत अशी जोखली जाई. तिचा आकडा मात्र कोणी मांडत नसे.

होळीनंतर मोह टपकू लागतो, पुढे तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. हातात थोडे रोख पैसे येण्याचे हे दिवस. त्याच सुमारास तलावांचे पाणी उतरते आणि काठाची चिकणमाती उघडी पडते. भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. पूर्व विदर्भात साडेसहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव नोंदलेले आहेत, आणि त्यांच्या बांधणीत कोहळी समाजाचे कसब मोठे आहे. या तलावांचा विचार आपण धानाच्या ओलितासाठी करतो. पण गावाची घरेही त्यांच्याच मातीची. भिंतीला तलावाची माती, छपराला जंगलातला बांबू, वर कुंभाराच्या भट्टीतले कवेलू. माकडांनी आणि वाऱ्याने हललेले कवेलू पावसाआधी उतरवून, फुटके वेगळे काढून, पुन्हा बसवायचे, याला घर फेरणे म्हणतात. एकट्याने होणारे हे काम नव्हे. आज माझ्या घरी चार माणसे आली, तर उद्या मी त्यांच्या घरी जायचे. मजुरीचा प्रश्न येत नसे, जेवणाचा येई.

म्हणजे घर एकदा बांधून संपत नव्हते. दर उन्हाळ्याच्या तोंडाशी गाव ते पुन्हा उभे करत असे.

जागा एकाची, घर दुसऱ्याचे

या व्यवस्थेचे कागदोपत्री रूप मालगुजारीच्या काळात दिसते. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात गावचा पाटील वसुलीचा जिम्मेदार होता. राज्य खालसा झाल्यावर, १८६१ साली मध्यप्रांत स्थापन झाला आणि त्यानंतरच्या बंदोबस्तात ब्रिटिशांनी या वसुलीदारांना गावाची मालकी दिली. पाटलाचा मालगुजार झाला. शेताबरोबर तलाव, झुडपी जंगल आणि आबादी, म्हणजे घरांची वस्ती, हेही त्याच्या मालकीत गेले.

मग राहणाऱ्याचे काय उरले? १९१७ च्या मध्यप्रांत जमीन महसूल कायद्याने शेतकरी, शेतमजूर आणि गावचे कारागीर यांना राहण्यापुरती जागा बिनभाड्याने मिळण्याचा हक्क मान्य केला. गावच्या वहिवाटी वाजिब-उल-अर्ज नावाच्या दस्तात लिहिल्या जात. गावकऱ्याने माती कोठून घ्यावी, जळण आणि घरासाठी लाकूड-बांबू कोठून आणावा, गुरे कोठे चारावीत, तलावाचे पाणी कोणी कसे वापरावे, या गोष्टी त्यात येत. या वापराला निस्तार म्हणत. हा शब्द आमच्याकडे आजही जिवंत आहे.

या व्यवस्थेला सोन्याचा मुलामा देण्याचे कारण नाही. मालगुजाराची मर्जी सांभाळावी लागे, बेगार करावी लागे, आणि गावाबाहेरच्या वस्तीला गावाच्या आतली जागा मिळत नसे. चंद्रमौळी घरातल्या माणसाला निस्ताराने श्रीमंत केले नाही. पण एक खरे, की घराची किंमत घराबाहेर होती. तलाव, जंगल आणि शेजार काढून घेतले, तर हाती उरे तो मातीचा ढीग आणि थोडे कवेलू.

३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारांचे हक्क शासनाकडे आले. राहणाऱ्याच्या डोक्यावरचा मालक गेला, ही मोठीच गोष्ट झाली. तलाव आणि जंगलही शासनाचे झाले. निस्ताराची नोंद राहिली, पण ज्याच्याशी भांडावे तो माणूस गावात राहिला नाही. त्याचे कार्यालय आता तालुक्याला, जिल्ह्याला होते.

विक्री नाही, तर भाव कोणता?

घराच्या किमतीचा प्रश्न खऱ्या अर्थाने वैनगंगेवरच्या गोसीखुर्द प्रकल्पाने आणला. पायाभरणी राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. १९८३ साली मंजूर झालेला, तेव्हा ३७२ कोटींचा असलेला हा प्रकल्प २००९ साली राष्ट्रीय प्रकल्प ठरला. भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतली ८५ गावे त्यात पूर्ण बाधित धरली गेली. अड्याळच्या माणसाला हे लांबचे नाही. शेजारच्या नेरल्याची उपसा सिंचन योजना याच पाण्यावर चालते, आणि बुडालेल्या गावांत सोयरे नाहीत असे घर या टापूत विरळा.

भूसंपादनाचा त्या वेळचा कायदा १८९४ चा. तो बाजारभाव द्यायला सांगे, आणि तोही पहिल्या अधिसूचनेच्या दिवशीचा. १९८४ च्या दुरुस्तीने त्यावर ३० टक्के दिलासा रक्कम आली. आता बाजारभाव काढायचा म्हणजे आसपासचे नोंदलेले विक्री-व्यवहार पाहायचे. शेतीचे असे व्यवहार थोडेफार सापडतात. गावठाणातल्या मातीच्या घराचे कोठून सापडणार? मग बांधकामाचा खर्च काढायचा आणि वयानुसार घसारा वजा करायचा. या हिशोबात आजोबांनी बांधलेले घर जितके जुने तितके स्वस्त. दर चैत्रात ते नवे होत होते, याला रकाना नव्हता. तलावाच्या मातीला नव्हता, बांबूला नव्हता, फेरायला येणाऱ्या चार माणसांना तर नव्हताच.

पुनर्वसनाच्या १९९९ च्या कायद्यात पाच जणांच्या शेतकरी कुटुंबाला ३७० चौरस मीटर आणि भूमिहीनाला १८५ चौरस मीटर भूखंडाचे माप आहे. नव्या गावठाणाला १८ नागरी सुविधा द्यायच्या असतात: रस्ता, शाळा, समाजमंदिर, स्मशानभूमी आणि इतर. यादी चांगलीच आहे. पण १८५ मीटरमध्ये घर, गोठा, धानाचे तणीस आणि सांदवाडी बसवून पाहावी, म्हणजे काय गळाले ते कळते. २०१३ साली शासनाने प्रकल्पग्रस्तांसाठी सुमारे १,२०० कोटींचे विशेष पॅकेज दिले. त्यातला पैसा घरोघर आला, आणि अनेकांनी पहिल्यांदा जागा ‘विकत’ घेतली. आमच्या भागात घरजागेचा बाजार म्हणतात तो असा, बुडालेल्या घरांच्या पैशांतूनही वाढला.

नकाशावर आलेले गावठाण

आज रस्त्याकडेच्या शेतांत भूखंडांचे खांब दिसतात. राज्यात बाजारमूल्याचे दरतक्ते आता १ एप्रिलला लागू होतात. त्यामुळे मार्चअखेर नोंदणी कार्यालयात गर्दी आणि ग्रामपंचायतीत घरपट्टीची वसुली, असा नवा फाल्गुन सुरू झाला आहे. गावठाणातल्या घराला मात्र बहुतेक ठिकाणी नमुना आठचाच आधार. तो कर आकारणीचा उतारा, मालकीचा पुरावा नव्हे. म्हणून बँक त्यावर सहजी कर्ज देत नाही. स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाण मोजून मालमत्ता पत्रक द्यायचे आहे. ते मिळालेच पाहिजे. विधवेला, वाटणीत मागे पडलेल्या भावाला, विस्थापिताला कागदाचे मोल ठाऊक असते.

पण ड्रोनला वरून छप्पर आणि कुंपण दिसते, निस्तार दिसत नाही. उन्हाळी धानामुळे चैत्राची उसंतही आता सगळ्यांना उरलेली नाही. स्लॅबच्या घराला फेरणे लागत नाही, त्यामुळे शेजाऱ्याला बोलावण्याचे ते एक कारण गेले. स्लॅब हवाच होता. गळक्या छपराखाली झोपलेल्याला हे सांगावे लागत नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्याने मात्र निस्तार हा शब्द पुन्हा कायद्यात आणला. जमीनदारी व्यवस्थांतले सामूहिक हक्कही त्यात मान्य केले. म्हणून वाजिब-उल-अर्जाची जीर्ण पाने आज केवळ अभ्यासकाच्या कामाची नाहीत. घर, माती, बांबू आणि तलाव एकाच ठिकाणी लिहिलेला दुसरा दस्त आपल्याकडे नाही. प्रत्येक ग्रामसभेने आपल्या गावची नक्कल काढून घ्यावी आणि नव्या मालमत्ता पत्रकाशेजारी ठेवावी. उद्या पुन्हा कोणी घराचा भाव विचारायला आले, तर दोन्ही कागद त्याच्यासमोर ठेवता येतील.