अतिकृशता : मॉडेलिंगच्या धंद्यातली

कपडे दाखवण्याचे काम करणाऱ्या तरुण-तरुणींनी, त्यातही मुलींनी, धंद्याच्या मापात बसावे म्हणून प्रकृतीला सोसणार नाही इतके अंग उतरवणे, याला मॉडेलिंगमधली अतिकृशता म्हणता येईल. उपजत शिडशिडीत बांधा आणि उपाशी राहून आणलेली कृशता या दोन गोष्टी वेगळ्या. पहिलीत आजार नसतो, दुसरीत तो हमखास शिरतो. डॉक्टर यासाठी वजनाचे उंचीच्या वर्गाशी असलेले गुणोत्तर म्हणजे बीएमआय पाहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने प्रौढ माणसाचा बीएमआय १८.५ च्या खाली गेला की वजन कमी समजायचे, १६ च्या खाली गेला की स्थिती गंभीर. पाच फूट नऊ इंच उंचीच्या मुलीला पहिल्या रेषेवर राहायला साडेछप्पन किलोच्या आसपास वजन हवे. ती एकोणपन्नास किलोवर आली की दुसरी रेषा येते.

या कृशतेचे मूळ सौंदर्यकल्पनेत शोधले जाते. पण त्याआधी शिवणाच्या टेबलाशी जायला हवे. डिझायनर नवे कपडे तयार करतो तेव्हा प्रत्येकाचा एकच नमुना शिवून होतो. तो अमुक मुलीसाठी म्हणून शिवलेला नसतो. मुली नंतर निवडल्या जातात आणि त्याच नमुन्यात आलटून पालटून उभ्या केल्या जातात. छाती, कंबर आणि नितंब यांची मापे मुलीच्या फोटोबरोबर कार्डावर छापलेली असतात. फिटिंगच्या वेळी कपडा कंबरेला सैल पडला तर पाठीमागे चार टाचण्या लावून भागते. पुढून बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही. चेन वर सरकली नाही तर मात्र टाचणीचा उपयोग नसतो. शो दोन तासांवर आलेला असताना शिवण उसवायला कुणाला सवड नसते. मुलगी बदलली जाते. म्हणजे जास्त बारीक असण्याने काम जात नाही, जरा भरलेले असण्याने जाते. धंद्याचा काटा असा एकाच बाजूला झुकलेला असल्यावर वय वर्षे सोळा-सतराच्या मुलीने काय करावे, हे तिला कुणी तोंडाने सांगावे लागत नाही.

महाराष्ट्रात ही गोष्ट उशिरा आली, आणि त्याचे कारण साडी. मुंबईत जीनी नौरोजी यांनी बसवलेल्या कापडगिरण्यांच्या फॅशन शोंचा एक काळ होता. तेव्हा विकायचे होते ते कापड, आणि साडी कोणत्याही कंबरेला नेसवता येते. नऊवारीला तर मापच नाही. नऊवारी नेसून नाचणाऱ्या तमाशातल्या बायकांचेच पाहा. संगमनेर हे तमाशाच्या दुनियेतले मोठे नाव. शाहीर अनंत फंदी इथलेच आणि कांताबाई सातारकर यांचा फडही इथलाच. पायांत वजनदार घुंगरू बांधून रात्र रात्र नाचायचे, वर वगात पुरुषाची भूमिकाही वठवायची, हे उपाशी अंगाने निभत नाही. तमाशातल्या बाईला लोकांच्या नजरेचा जाच कमी नव्हता, उलट जास्तच होता. पण त्या नजरेने तिला जेवण सोडायला लावले नाही, एवढा फरक नोंदवायलाच हवा.

उलट त्या काळी किडकिडीत असणे हाच दोष होता. अभिनेत्री शोभना समर्थ यांची मुलगी नूतन (जन्म १९३६) लहानपणी आपल्या हाडकुळ्या अंगावरून बोलणी खात असे आणि त्याचा तिच्या मनावर खोल परिणाम झाला होता. १९५३ मध्ये आईने तिला स्वित्झर्लंडमधल्या शाळेत पाठवले. वर्षभराने ती परतली तेव्हा तिचे वजन २२ पौंडांनी, म्हणजे दहा किलोंनी, वाढले होते आणि १९५५ च्या ‘सीमा’ चित्रपटाने तिला मोठी अभिनेत्री ठरवले. मुलीच्या अंगाकडे बोट दाखवायची सवय तेव्हाही होती. बोट दाखवायचे कारण तेवढे पुढच्या पिढ्यांत फिरले.

ते फिरले नव्वदीच्या दशकात. बाजार खुला झाला, परदेशी ब्रँड आले आणि शिवलेल्या कपड्याबरोबर परदेशी मापही आले. नागपूरला जन्मलेली मधु सप्रे मुळात खेळाडू होती. १९९२ मध्ये बँकॉकच्या मिस युनिव्हर्स स्पर्धेत ती तिसरी आली आणि तिचे कमावलेले, काटक शरीर जाहिरातींत झळकले. मुंबईची उज्ज्वला राऊत १९९६ मध्ये ‘फेमिना लुक ऑफ द इयर’ झाली आणि पुढे व्हिक्टोरियाज सीक्रेटच्या २००२ व २००३ च्या शोमध्ये चालली. मराठी घरांतल्या मुलींना हे क्षेत्र आपलेही वाटू लागले ते अशा नावांमुळे, आणि ते चांगलेच झाले. लॅक्मे फॅशन वीकही मुंबईत भरू लागला. २००८ मध्ये ‘टशन’ चित्रपटासाठी करीना कपूरने वजन उतरवले आणि ‘साइझ झीरो’ हा शब्द तालुक्याच्या गावातल्या कॉलेजकट्ट्यापर्यंत पोचला. करीनाच्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर पुढे तूप, भात आणि भाकरी सोडू नका असे कानीकपाळी ओरडून सांगत राहिल्या. शब्द मात्र सल्ल्यापेक्षा वेगाने धावला.

जगाला या प्रश्नाची जाग आली ती मृत्यूंनी. ऑगस्ट २००६ मध्ये उरुग्वेची लुइसेल रामोस, वय २२, फॅशन शोमध्येच हृदय बंद पडून गेली. नोव्हेंबरात ब्राझीलची आना कारोलिना रेस्तॉन २१ व्या वर्षी गेली. पावणेसहा फुटांच्या आसपास उंची आणि वजन अवघे ४० किलो. पुढच्या फेब्रुवारीत लुइसेलची धाकटी बहीण एलियाना, तीही मॉडेलच, अठराव्या वर्षी दगावली. माद्रिदच्या फॅशन वीकने २००६ च्या सप्टेंबरातच १८ पेक्षा कमी बीएमआय असलेल्या मुलींना रॅम्प बंद केला होता. इस्रायलने २०१२ मध्ये कायदा करून १८.५ ची अट घातली आणि जाहिरातीत संगणकावर बारीक केलेले शरीर असेल तर तसे छापणे सक्तीचे केले. फ्रान्समध्ये २०१७ पासून मॉडेलला डॉक्टरचा दाखला लागतो. दाखल्याविना काम देणाऱ्याला ७५ हजार युरो दंड आणि सहा महिने कैद होऊ शकते.

फ्रान्सने एकट्या बीएमआयवर निकाल ठेवला नाही, तपासणाऱ्या डॉक्टरवर ठेवला. हा मार्ग अधिक शहाणपणाचा आहे. आकडा पाणी पिऊनही फसवता येतो आणि जन्मतः सडपातळ मुलीवर अन्यायही करतो.

भारतात मॉडेलच्या वजनाविषयी असा कायदा नाही. जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या ॲस्की या मुंबईतल्या संस्थेने २०२२ मध्ये स्त्री-पुरुषांच्या साचेबंद चित्रणाविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली, पण ती जाहिरातीपुरती. रॅम्पमागच्या फिटिंगच्या खोलीत ती पोचत नाहीत. २०१६ च्या लॅक्मे फॅशन वीकमध्ये डिझायनर शिल्पा चव्हाण यांनी भरल्या अंगाच्या मॉडेल रॅम्पवर आणल्या, त्याचे कौतुक झाले. तरी वेगळा शो भरवणे आणि रोजच्या नमुन्याचे माप बदलणे यांत मोठे अंतर आहे. खरी दुरुस्ती दुसरीच गोष्ट करील. नमुना दोन-तीन मापांत शिवायचा खर्च डिझायनरने उचलायला हवा.

महाराष्ट्रात या विषयाला आणखी एक बाजू आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी पाचांत एक कमी वजनाची आढळली, आणि निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी होते. संगमनेर आणि अकोले तालुक्यांच्या डोंगराळ पट्ट्यात ताट कमी पडल्याने बाई वाळते आणि मुंबईत भरले ताट बाजूला सारून मुलगी वाळते. रक्ताचा अहवाल दोघींचा सारखाच येऊ शकतो. त्यामुळे गावातून शहरात गेलेल्या मुलीचे वजन उतरले की घरच्यांना मेसचे जेवण, अभ्यास, दगदग अशीच कारणे सुचतात आणि आजार नजरेतून सुटतो.

तो आजार म्हणजे बहुधा ॲनोरेक्सिया नर्व्होसा. हे नाव लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी १८७३-७४ मध्ये रूढ केले. पाळी थांबते, केस गळतात, उन्हातही थंडी वाजते, अंगावर बारीक लव येते, हाडे ठिसूळ होतात. मुलगी चारचौघांत जेवायचे टाळते, सैल कपडे घालते, आणि आरशात तिला स्वतः जाडच दिसते. खाऊन मुद्दाम उलटी काढण्याच्या प्रकारात दातांचे कवच झिजते आणि रक्तातले पोटॅशियम उतरते. हृदय अचानक दगा देते ते अनेकदा यामुळेच. मानसिक आजारांत सर्वाधिक जीव घेणाऱ्यांत ॲनोरेक्सियाची गणना होते. फार दिवस उपाशी असलेल्या मुलीला मायेपोटी एकदम पोटभर खाऊ घालणेही धोक्याचे असते, कारण रक्तातले क्षार झपाट्याने खाली जातात. आहार डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू वाढवावा लागतो. फिजिशियन, मानसोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ अशा तिघांचे उपचार जोडीने चालतात, बरे व्हायला महिने, कधी वर्षे लागतात, आणि बऱ्या झालेल्या मुली पुष्कळ आहेत. जवळ मानसोपचारतज्ज्ञ नसेल तर केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आणि मराठीतून बोलता येते.