तुपाच्या चरणाची उलटतपासणी

चार्वाकाचे नाव निघाले की मराठी माणसाला तूप आठवते, आणि तेही उधारीचे. गिरगावातले प्रवचन असो की दादरचे व्याख्यान, चंगळवादावर कोरडे ओढायचे झाले की वक्ता चार्वाकाला समोर उभा करतो. हप्त्यावर गाडी घेणारा तरुणही मग ‘आजचा चार्वाक’ ठरतो. हे मत इतके रुळले आहे की त्याला पुरावा मागावा असे कोणाच्या मनात येत नाही. मला तो मागायचा आहे. वाचकांनी न्यायासनावर बसावे, दोन्ही बाजू ऐकाव्यात आणि निकाल द्यावा.

आधी प्रतिपक्ष. त्याची बाजू पोकळ नाही. चौदाव्या शतकात विजयनगरच्या विद्यापरंपरेत माधवाचार्यांचा ‘सर्वदर्शनसंग्रह’ सिद्ध झाला. त्याचे पहिलेच प्रकरण चार्वाकदर्शनाचे आहे. प्रकरणाच्या अखेरीस बृहस्पतीच्या नावावर काही श्लोक दिले आहेत आणि ऋण काढून तूप पिण्याचा तो प्रसिद्ध चरण त्यांतलाच. माधवाचार्य उथळ लेखक नव्हेत; प्रत्येक दर्शन त्याच्या त्याच्या भूमिकेवरून मांडण्याची त्यांची शिस्त आहे. त्यांच्याही सहा शतके आधी जैन आचार्य हरिभद्रसूरी यांनी ‘षड्दर्शनसमुच्चया’त लोकायतिकाच्या, म्हणजे चार्वाकाच्याच, मतात खाण्यापिण्याचा उपदेश नोंदवला आहे. या साक्षींच्या जोडीला तर्कही आहे. परलोक नाही, कर्मफळ नाही, देह जळला की सगळे संपले, असे मानणाऱ्याने सावकाराचे पैसे बुडवू नयेत ते कशासाठी? आणि जो अनुमानच मानत नाही तो स्वतःचे मत तरी कशाच्या बळावर सिद्ध करणार? असा माणूस तत्त्वज्ञ कसला, तो केवळ भोगी, असा हा पक्ष आहे.

आता त्यांचाच मुख्य साक्षीदार बोलावू. वासुदेवशास्त्री अभ्यंकर यांनी स्वतःच्या संस्कृत टीकेसह संपादित केलेली ‘सर्वदर्शनसंग्रहा’ची आवृत्ती पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९२४ साली काढली. तिच्यातले चार्वाकाचे प्रकरण शेवटापासून नव्हे, सुरुवातीपासून वाचावे. तोच श्लोक प्रकरणाच्या प्रारंभीही आला आहे. तिथे माधवाचार्य त्याला लोकगाथा म्हणतात, आणि तिथे तूप नाही. ऋणही नाही. जिवंत आहोत तोवर सुखाने जगावे, कारण मृत्यूच्या आवाक्याबाहेर कोणीच नाही, एवढाच त्या ठिकाणी आशय आहे. एकाच ग्रंथाच्या एकाच प्रकरणात एकच श्लोक दोन रूपांत येतो आणि दुसऱ्या रूपात नेमका मृत्यूचा चरण जाऊन त्या जागी उधारीचे तूप येते. मग मूळ रूप कोणते?

याचे उत्तर अटकळीने द्यावे लागत नाही. माधवाचार्यांच्या सुमारे पाचशे वर्षे आधी काश्मीरमध्ये जयंतभट्टाने ‘न्यायमंजरी’ लिहिली. जयंत हा कट्टर नैयायिक, चार्वाकाचा कडवा विरोधक. त्याने हा श्लोक उद्धृत केला आहे, आणि त्याच्याकडे मृत्यूचाच चरण आहे. हाती असते तर तूप त्याने सोडले असते काय? प्रतिपक्षाला झोडपायला याहून सोयीचे हत्यार दुसरे कोणते? कोलकात्याचे अभ्यासक रामकृष्ण भट्टाचार्य यांनी या श्लोकाची जुनी अवतरणे चिकाटीने गोळा केली आणि त्यांतून हेच दाखवून दिले: तुपाचा पाठ उशिराचा आहे. विरोधकांच्या हातून वाहत आलेल्या श्लोकात तो शिरला. तूप चार्वाकाचे नव्हे.

हरिभद्राची साक्ष जुनी आहे, हे मान्य. पण तिच्यातही कर्ज नाही. शिवाय हा भोगी चार्वाक मराठी विद्यार्थ्याच्या मनात ठसला तो कोणत्या ग्रंथांतून, हेही पाहिले पाहिजे. जावजी दादाजींनी १८६९ साली सुरू केलेल्या आणि काळबादेवीच्या कोलभाट गल्लीत नावारूपाला आलेल्या निर्णयसागर छापखान्याने संस्कृत ग्रंथ शुद्ध आणि स्वस्त छापून घरोघर पोचवले. त्याचे ऋण कोणताही अभ्यासक विसरणार नाही. त्या ग्रंथांत कृष्णमिश्राचे ‘प्रबोधचंद्रोदय’ होते आणि श्रीहर्षाचे ‘नैषधीयचरित’ही. पहिल्यात चार्वाक हा महामोहाच्या गोटातला. दुसऱ्याच्या सतराव्या सर्गात चार्वाकाची वाणी ऐकू येते ती कलीच्या सैन्यातून. एक रूपकात्मक नाटक, दुसरे महाकाव्य. खलपक्षाच्या तोंडी कवीने घातलेले बोल आपण शास्त्रवचन म्हणून पाठ केले. हा न्याय आपण दुसऱ्या कोणत्या दर्शनाला लावतो?

शास्त्रग्रंथांतला लोकायत वेगळा दिसतो. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या ‘सर्वसिद्धांतसंग्रहा’त (ते कर्तृत्व अनेक अभ्यासक मान्य करीत नाहीत, पण ग्रंथ वेदान्ती आहे यात शंका नाही) लोकायतपक्ष मांडताना सांगितले आहे की शहाण्याने या जगातले भोग घ्यावेत ते डोळ्यांना दिसणाऱ्या उपायांनी, म्हणजे शेती, गोपालन, व्यापार, दंडनीती यांच्या बळावर. वाचकांनी ही यादी नीट पाहावी. तिच्यात कर्ज कुठे आहे? ‘सर्वदर्शनसंग्रहा’तले दृष्टान्तही याच जातीचे आहेत. कोंडा आहे म्हणून भात टाकून देत नाहीत, काटे आहेत म्हणून मासे सोडत नाहीत, हरणे येतील म्हणून पेरणी थांबवत नाहीत, भिकारी येतील म्हणून चुलीवर भांडे चढवायचे राहत नाहीत. सुख दुःखाने माखलेले असते, म्हणून ते त्यागावे, या विरक्तांच्या मताला दिलेले हे उत्तर आहे. आणि ते कोणाच्या कामांतून दिले आहे? भात कांडणाऱ्याच्या, पेरणाऱ्याच्या, रांधणाऱ्याच्या. इथे सुख आयते मिळत नाही. ते कष्टाने सोलून घ्यावे लागते.

‘कामसूत्रा’ची साक्ष तर फारच बोलकी आहे. भोगाचा पुरस्कर्ता म्हणून लोकायतिकाला मानाचे पान मिळायचे तर ते तिथे मिळायला हवे होते. प्रत्यक्षात वात्स्यायन त्याला पूर्वपक्षी म्हणून उभा करतो ते धर्माचरणाच्या प्रकरणी: ज्याचे फळ भविष्यात आहे आणि तेही संशयित आहे, त्याच्यासाठी हातचे का दवडावे, असा त्याचा आक्षेप. कामाच्या समर्थनासाठी वात्स्यायनाला लोकायतिकाची गरज भासलेली नाही.

राहिला तर्क. परलोक नाही म्हणून कर्ज बुडवावे, हा निष्कर्ष निघतो तरी कसा? कर्ज फेडण्याचे एकमेव कारण पुढच्या जन्माची भीती हेच असेल तरच तो निघेल. पण आपल्या स्मृतिकारांनीही केवळ त्या भीतीवर भिस्त ठेवलेली नाही. मनूने अठरा व्यवहारपदे सांगितली आणि त्यांत पहिले ऋणादान. गिरगावच्या आंग्रेवाडीत बसून धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणाऱ्या महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी १९४६ सालच्या तिसऱ्या खंडात व्याज, तारण, जामीन, बापाच्या कर्जाची मुलावरची जबाबदारी या साऱ्याची बारकाईने मांडणी केली आहे. कर्जवसुलीला राजसभा होती, साक्षीदार होते, दंड होता. आणि लोकायतिक तर दंडनीतीला मानणारा. ‘सर्वदर्शनसंग्रहा’तही त्याच्या मते परमेश्वर म्हणजे लोकांना दिसणारा राजाच. ज्याला परलोकीचा दंड मान्य नाही पण इहलोकीचा पूर्ण मान्य आहे, त्याला कर्जबुडवा कोणत्या न्यायाने म्हणायचे?

आणि कर्ज खरोखर कोण काढतो, हे मुंबईला तरी कोणी सांगायला नको. परळ-लालबागच्या चाळींतला गिरणी कामगार पठाणाच्या व्याजात बुडाला तो कोणत्या तत्त्वज्ञानामुळे? मजुरांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनने १९३१ च्या अहवालात लग्नादी समारंभांचा खर्च हे कामगारांच्या कर्जाचे मोठे कारण म्हणून नोंदवले आहे. तो कामगार देव मानणारा होता, पितर मानणारा होता. कुळाची रीत राखण्यासाठी त्याने कर्ज काढले, आणि त्याबद्दल त्याला दोष देण्याचे धाडस मी करणार नाही. पण अश्रद्धेतून उधळपट्टी उपजते, हा सिद्धान्त या चाळींत टिकत नाही.

तो उलट बाजूनेही टिकत नाही. परळला बहुजनविहार उभारणाऱ्या धर्मानंद कोसंबी यांच्या ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथामुळे मराठी वाचकाला बुद्धकाळचे सहा आचार्य परिचित आहेत. त्यांतला अजित केसकंबली चार महाभूतांपलीकडे काही मानत नसे. दानाला फळ नाही, मेल्यावर काही उरत नाही, असे तो सांगे. हा झाला आपल्याला ठाऊक असलेला सर्वांत जुना जडवादी आचार्य. त्याचे वस्त्र कोणते? नावातच आहे: केसांची कांबळ. उन्हाळ्यात तापणारी, हिवाळ्यात गारठणारी. हा श्रमण होता. याच्या हातात तुपाची वाटी कोण देईल?

अनुमानाचा आक्षेप अधिक गंभीर आहे. जयंतभट्टासकट अनेकांनी तो घेतला. पण प्रतिपक्षीयांच्याच ग्रंथांत त्याचे उत्तर जपले गेले आहे. आठव्या शतकातला बौद्ध पंडित कमलशील ‘तत्त्वसंग्रहा’वरच्या टीकेत पुरंदर नावाच्या चार्वाकाचे मत देतो: लोकव्यवहारात चालणारे अनुमान आम्हांलाही मान्य आहे, लौकिक मार्ग ओलांडून जे अनुमान पुढे जाते ते मान्य नाही. जयंतही ‘अधिक सुशिक्षित’ चार्वाकांच्या तोंडी असाच भेद नोंदवतो. धुरावरून अग्नी ओळखावा, कारण धूर आणि अग्नी दोन्ही आपण एकत्र पाहिलेले आहेत. आत्मा आणि स्वर्ग यांचे साहचर्य कशाशी पाहिले? ज्याची पडताळणी कधीच शक्य नाही तिथे अनुमानाला प्रमाणाचा मान द्यायचा का, हा प्रश्न आहे. चूक म्हणा हवी तर. पण तो भोगलोलुप माणसाचा प्रश्न नव्हे. प्रमाणशास्त्रात मुरलेल्या माणसाचा आहे.

इथे दुसऱ्या बाजूच्या मित्रांशीही वाद घालणे भाग आहे. गिरणगावच्या अभ्यासवर्गांत देवीप्रसाद चट्टोपाध्याय यांच्या १९५९ सालच्या ‘लोकायत’ ग्रंथाच्या प्रभावाने चार्वाक हा श्रमिकांचा तत्त्वज्ञ ठरला. त्या ग्रंथाने लोकायताला प्रतिष्ठा मिळवून दिली, हे मोठे काम. तरीही पुरावा वेगळे बोलतो. र. पं. कंगले यांनी मुंबई विद्यापीठासाठी सिद्ध केलेल्या ‘कौटिलीय अर्थशास्त्रा’च्या चिकित्सक आवृत्तीत लोकायत सांख्य-योगाच्या पंगतीला, आन्वीक्षिकीत म्हणजे तर्कविद्येत बसले आहे, ती विद्या राजपुत्राने शिकायची. कीलहॉर्न यांनी मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत १८८० ते १८८५ या काळात छापलेल्या पतंजलीच्या महाभाष्यात लोकायतावरच्या भागुरीच्या टीकेचा उल्लेख येतो. तिथल्या लोकायताचा अर्थ वादविद्या असा काही जण करतात. तरी टीका लिहिली जाते ती पंडितांच्या वर्तुळातच. श्रमाचा आदर या दर्शनात आहे. ते श्रमिकांनी घडवले, याला मात्र आधार नाही.

शेवटची साक्ष या वादापासून दूरच्या माणसाची आहे. ‘ऐन-इ-अकबरी’त अबुल फजल हिंदूंची दर्शने नोंदवतो, त्यांत चार्वाकही आहेत. त्यांच्या मते मनुष्याची उद्दिष्टे कोणती, याच्या यादीत संपत्ती आणि स्त्री यांच्यासोबत त्याने कीर्ती आणि सत्कृत्यही लिहिले आहे. आणि ते मान देतात त्या विद्या न्याय्य कारभाराच्या व लोकहितकारी राज्यव्यवस्थेच्या, असेही. यापुढे ज्यांना व्यासपीठावरून तुपाचा श्लोक म्हणायचा असेल त्यांनी तो जरूर म्हणावा. मात्र अभ्यंकरांच्या आवृत्तीतले दोन्ही पाठ, प्रकरणाच्या प्रारंभीचा आणि अखेरचा, एकापाठोपाठ एक म्हणावेत, आणि जयंतभट्टाने त्यांतला कोणता दिला आहे तेही श्रोत्यांना सांगावे.