घरांतला समुद्र आणि अनाहूत पाहुणी

रात्रीचे अकरा वाजलेले असतात. दिवे मालवलेले असतात. बैठकीच्या खोलींत ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या कांचेच्या पेटींतून मध्येंच ‘टक्’ असा आवाज येतो. थोड्या वेळानें पुन्हां ‘टक्’. सकाळीं पाहावें तों हौसेनें आणलेल्या गोगलगाईच्या शंखाचे तुकडे वाळूवर विखुरलेले, आणि एक खेकडा बेपत्ता! पेटीच्या मालकानें जे प्राणी विकत घेतले, त्यांच्या यादींत हा गुन्हा करूं शकेल असा एकहि नसतो. समुद्री मत्स्यपेटी बाळगणाऱ्या अनेकांना हा अनुभव आलेला आहे. गुन्हेगार अखेर सांपडतो तेव्हां तो जेमतेम बोटाएवढा असतो. खडकाच्या भोकांतून देठावरचे दोन डोळे बाहेर काढून तो शांतपणें आपल्याकडेच पाहत असतो.

इंग्रजींत या प्राण्याला मॅंटिस श्रिंप म्हणतात. बागेंतला प्रार्थना-कीटक जसे आपले पुढचे पाय हात जोडल्यासारखे दुमडून धरतो, तसेच याचेहि पुढचे दोन अवयव दुमडलेले असतात, म्हणून हें नांव. आपण सोयीसाठीं त्याला मॅंटिस कोळंबी म्हणूं. परंतु ती खरी कोळंबी नव्हे. कवचधारी प्राण्यांत तिचा गण निराळा असून त्यांत चारशेंहून अधिक जाति मोडतात. कांहींचे ते अवयव भाल्यासारखे कांटेरी असतात. त्या मऊ भक्ष्य भोसकतात. कांहींचे गदेसारखे असतात. त्या शंख आणि कवचें फोडतात. आपल्या कथेंतील पाहुणी या गदाधारी कुळांतली आहे.

ती घरांत आली कशी, हा प्रश्न दिसतो तितका लहान नाहीं. त्याचें उत्तर हवें असेल तर मनुष्यानें समुद्र घरांत आणण्याचा खटाटोप केव्हां आणि कसा केला, हें आधीं पाहिलें पाहिजे.

या खटाटोपाच्या आरंभीं दोन स्त्रिया आहेत. पहिली झान व्हिलप्रो-पॉवर. हिचा जन्म फ्रान्समध्यें १७९४ सालीं झाला. पॅरिसमध्यें ती शिवणकाम करी. लग्नानंतर सिसिली बेटांतील मेसिना या बंदरीं येऊन राहिली. तेथें अर्गोनॉट नांवाचा आठ हातांचा एक समुद्रप्राणी सांपडतो. त्याच्या मादीचें सुंदर पातळ कवच हें तिचें स्वतःचें कीं दुसऱ्या कोणाचें चोरलेलें, असा वाद विद्वानांत फार दिवस चालू होता. मेलेला नमुना मद्यार्कांत घालून हा वाद मिटणार नव्हता. तेव्हां १८३२ च्या सुमारास या बाईनें कांचेच्या पेट्या करविल्या, समुद्राच्या पाण्यांत जिवंत अर्गोनॉट ठेवले, आणि कवच तो प्राणी स्वतःच घडवितो व फुटल्यास स्वतःच सांधतो, हें दाखवून दिलें. मत्स्यपेटी ही आरंभीं शोभेची वस्तु नव्हती; जिवंत प्राण्याला प्रश्न विचारण्याचें तें साधन होतें.

दुसरी स्त्री इंग्लंडांतील ॲना थिन. १८४६ सालीं टॉर्की येथील किनाऱ्यावर तिला जिवंत प्रवाळ आढळले. ते तिनें सुईदोऱ्यानें एका स्पंजाला टांचून, पाण्याच्या भांड्यांतून लंडनला आणले. पण लंडनमध्यें समुद्राचें ताजें पाणी रोज कोठून आणावयाचें? तेव्हां घरांतील मोलकरणीनें उघड्या खिडकीशीं उभें राहून तेंच पाणी या भांड्यांतून त्या भांड्यांत ओतावें, असा क्रम ठरला. दररोज अर्धा-पाऊण तास हें काम चाले. पाण्यांत हवा खेळली आणि प्रवाळ जगले. पुढच्या वर्षीं थिनबाईंनीं पाण्यांत समुद्रशैवाल सोडलें. वनस्पति व प्राणी यांचा मेळ जमला आणि तो संसार सुमारें तीन वर्षें टिकला. त्या मोलकरणीचें नांव इतिहासानें जपलेलें नाहीं. परंतु घरगुती समुद्राचा पहिला ‘पंप’ म्हणजे तिचेच दोन हात होत.

या मेळाचें शास्त्र त्याच सुमारास स्पष्ट होऊं लागलें होतें. लंडनचे डॉक्टर वॉर्ड यांना १८२९ सालीं बंद बाटलींत आपोआप उगवलेलें नेचें दिसलें होतें. त्यावरून त्यांनीं बंद कांचपेट्या केल्या. पुढें चीनमधील चहाचीं हजारों रोपें असल्याच पेट्यांतून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत आलीं. १८५० सालीं रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें पाण्यांतील प्रयोग प्रसिद्ध केला. मासे सोडतात तो वायु वनस्पति घेतात, वनस्पति सोडतात तो मासे घेतात, आणि कुजलेलीं पानें गोगलगाई खाऊन टाकतात. असें त्रिकूट जमलें तर पाणी न बदलतां चालतें, हें त्यानें दाखविलें. तिकडे १८४५ सालीं इंग्लंडांतील कांचेवरचा कर उठला होता, आणि आगगाडीमुळें शहरवासीयांना समुद्रकिनारा जवळ आला होता. ज्ञान, कांच आणि वाहन, तिन्ही एकदम हातीं आलीं.

१८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत सार्वजनिक मत्स्यगृह उघडलें. त्याच्या उभारणींत फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञाचा मोठा हात होता. दुसऱ्याच वर्षीं त्याचें ‘दि ॲक्वेरियम’ हें पुस्तक निघालें आणि इंग्लंडांतील सुखवस्तु घरांना अक्षरशः वेड लागलें. घरोघर दिवाणखान्यांत समुद्रपुष्पें, खेकडे, शिंपले दिसूं लागले. टोपल्या, बरण्या आणि छिन्न्या घेऊन मंडळी किनाऱ्यावर लोटलीं. हें वेड फार वर्षें टिकलें नाहीं. पाणी नासे, प्राणी मरत, दुर्गंधि सुटे. दहापंधरा वर्षांत बहुतेक पेट्या माळ्यावर गेल्या. पण तेवढ्या अवधींत किनाऱ्याचें जें व्हावयाचें तें होऊन गेलें. गॉसचा मुलगा एडमंड यानें १९०७ सालीं आपल्या बालपणाच्या आठवणी लिहिल्या. त्यांत, वडिलांबरोबर पाहिलेलीं खडकांतील तीं भरलेलीं तळीं संग्राहकांच्या झुंडींनीं उजाड केलीं, आणि आपल्याच पुस्तकांनीं हें घडविलें याचें वडिलांना अतोनात दुःख झालें, असें त्यानें सांगितलें आहे. समुद्रावर मनापासून प्रेम करणाऱ्या माणसानेंच लोकांना समुद्राची वाट दाखविली, आणि त्या वाटेनें लुटारू आले. या इतिहासांतील सर्वांत कडू गोष्ट हीच.

पुढील शतकांत साधनें सुधारलीं. विजेवर चालणारे पंप आले, तयार मीठ मिळूं लागलें, लोखंडी चौकटीवांचून नुसत्या कांचा चिकटवून पेट्या होऊं लागल्या. तरीहि खाऱ्या पाण्याचा मेळ जमणें कठीणच होतें. १९६१ सालीं इंडोनेशियांतील जाकार्ता येथील ली चिन एंग यांनीं आपली साधी रीत प्रसिद्ध केली. प्रवाळांच्या प्रदेशांतील सच्छिद्र खडक, त्यावरील व आंतील जीवसृष्टीसकट, पेटींत ठेवावयाचा आणि हवेचे बुडबुडे सोडावयाचे. त्या खडकांतील सूक्ष्म जंतु पाण्यांतील घाण पचवितात. या खडकाला ‘जिवंत खडक’ हें नांव पडलें. ॲना थिनच्या मोलकरणीचें आणि समुद्रशैवालाचें काम हा दगड करूं लागला.

आणि येथेंच आपली पाहुणी दाखल होते. खडक जिवंत म्हणजे त्याच्या भोकांतील बिऱ्हाडेंहि जिवंत! मॅंटिस कोळंबीला राहण्यास असें भोंक लागतें. खडक समुद्रांतून निघाला तरी ती आंतच बसून राहते आणि दुकानामार्गें आपल्या बैठकींत येते. तिला कोणीं बोलाविलेलें नसतें. पण तिनें तरी येण्याची इच्छा कोठें केली होती?

पेटीच्या मालकांनीं बराच काळ तिला उपद्रवी ठरवून ठार केलें. परंतु अमेरिकेंत, कॅलिफोर्नियांतील बर्कले विद्यापीठांत रॉय कॉल्डवेल या प्राध्यापकांनीं तिला पेट्यांत मुद्दाम बाळगून वर्षानुवर्षें निरीक्षण केलें. व्हिलप्रो-पॉवरबाईंचीच ती परंपरा. त्यांतून असें दिसलें कीं, बिळासाठीं भांडतांना ही कोळंबी प्रतिस्पर्ध्याचा वास लक्षांत ठेवते, आणि ज्यानें पूर्वीं मार दिला त्याच्या बिळांत शिरण्यास कचरते. कात टाकल्यावर तिचें कवच मऊ असतें. तेव्हां तिला ना ठोसा देतां येतो ना सोसतां येतो. अशा वेळींहि ती दारांत येऊन हात पसरून धमकी देते, आणि पुष्कळदां शत्रु खरोखरच माघार घेतो! हें सोंग १९८३ सालीं शास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालें.

१९९८ च्या एप्रिलांत इंग्लंडांतील ग्रेट यार्मथ येथील मत्स्यालयांत ‘टायसन’ असें मुष्टियोद्ध्याचें नांव दिलेल्या एका मयूरी मॅंटिस कोळंबीनें पाव इंच जाडीची कांच फोडली. तिची लांबी अवघी चार इंच होती. तिच्या ठोशाचें मोजमाप शीला पटेक व त्यांचे सहकारी यांनीं २००४ सालीं प्रसिद्ध केलें. सेकंदाला हजारों चित्रें घेणाऱ्या कॅमेऱ्यानें दिसलें कीं, गदेचा वेग सेकंदाला २३ मीटरपर्यंत, म्हणजे ताशीं ८० किलोमीटरच्या वर जातो, आणि तोहि पाण्यांत. केवळ स्नायूंना हें साधणार नाहीं. खोगिराच्या आकाराची एक कठीण कमान ती आधीं दाबून धरते व मग खिटी सोडते. धनुष्याची दोरी सुटावी तसा प्रहार होतो. त्या वेगानें पाण्यांत पोकळ बुडबुडे होतात आणि ते फुटतांना दुसरा तडाखा बसतो. जहाजांच्या पंख्यांना खड्डे पाडतात ते बुडबुडे याच जातीचे.

तिच्या डोळ्यांची कथा याहून नम्र करणारी आहे. आपल्या डोळ्यांत रंग टिपणारे तीन प्रकारचे ग्राहक असतात. हिच्या डोळ्यांत बारा. त्यावरून तिला आपल्या स्वप्नांतहि न येणारे रंग दिसत असतील, असें सर्वांनीं मानलें. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मात्र उलट दिसलें: आपण सहज वेगळे ओळखतों अशा जवळजवळच्या छटा तिला ओळखतां आल्या नाहींत. ती रंगांची तुलना करीत बसत नसावी, एका नजरेंत ओळख पटवून मोकळी होत असावी, असा तर्क आहे. मात्र प्रकाशाचे कांहीं गुण, जे आपल्याला उपकरणावांचून कळतच नाहींत, ते तिला कळतात, हें २००८ सालींच सिद्ध झालें आहे.

हें सर्व जाणून जे तिला आज बाळगतात, त्यांचा संसार साधा असतो. तिच्यासाठीं स्वतंत्र पेटी. कारण शेजारी तिला भक्ष्यच वाटतो. वर घट्ट झांकण, तळाशीं वाळू, आणि अंग पुरतें मावेल अशी अंधारी नळी. अन्नास खेकडे व शंखांतील गोगलगाई, म्हणजे गदेला काम राहतें. ती बिळाचें तोंड बंद करून अन्न टाकूं लागली तर कात टाकण्याची वेळ आली असें समजून तिला मुळींच छेडावयाचें नाहीं. अधीर मालकाला हेंच सर्वांत जड जातें.

आपल्याकडे या प्राण्याची ओळख नवी नाहीं. कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियमनें १९१३ सालीं स्टॅन्ली केम्प यांचा या गणावरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. हिंदी व पॅसिफिक महासागरांतील जातींच्या अभ्यासाचा तो पाया ठरला. कोंकणच्या किनाऱ्यावर भालेवाल्या जाति ट्रॉलरच्या जाळ्यांत सर्रास येतात. जपानांत व इटलींत त्यांचे भाऊबंद आवडीनें खातात; आपल्या बाजारांत त्यांना मान नाहीं. आपल्या समुद्रांतील प्रवाळांना आतां कायद्याचें संरक्षण आहे, आणि तें असावयासच हवें. समुद्र पाहण्यासाठीं तो घरीं आणलाच पाहिजे असेंहि नाहीं. मुंबईस १९५१ सालीं उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयानें किती मुलांना पहिल्यानें समुद्राच्या पोटांत डोकावूं दिलें, हें आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांना विचारावें.

या सगळ्या इतिहासावरून मला एवढेंच दिसतें कीं, कांचेच्या पेटीचा उपयोग दोन तऱ्हांनीं झाला. ज्यांनीं जिवंत प्राण्याला प्रश्न विचारला त्यांना एकदोन प्राण्यांतच पुष्कळ मिळालें; ज्यांना नुसती शोभा हवी होती त्यांनीं किनारे उजाड केले आणि शेवटीं त्यांच्या हातीं नासलेलें पाणी राहिलें. मॅंटिस कोळंबी कोणाच्याहि शोभेच्या यादींत नव्हती, आणि मनुष्याला तिनेंच सर्वांत अधिक शिकविलें. म्हणून रात्रीं कोणाच्या पेटींतून तो ‘टक्’ आवाज आलाच, तर चिमटा शोधण्यापूर्वीं घटकाभर दिवा मालवून पाहत बसावें. आपण तिला तिच्या घरासकट उचलून आणलें आहे. निदान ती कोण आहे हें विचारण्याइतकें सौजन्य तरी यजमानाकडे असावें.